बोहारीण जे घेत नाही

वाकळ शिवायची तर आधी भरपूर उसवावं लागतं. माझ्या मामी माण तालुक्यातल्या. तिकडे उन्हाळ्यात रान रिकामं असतं, दुपारी बाहेर पाय ठेववत नाही आणि बायकांना सलग बसायला सवड मिळते ती तेव्हाच. मग माळ्यावरची बोचकी खाली येतात. वर्षभरात घरात जे जे जुनं झालं ते त्यांत बांधून ठेवलेलं असतं: लुगडी, मामांची धोतरं, पोरांचे गणवेश, फाटलेला परकर, एखादी चादर. मामी आधी ते सगळं धुऊन कडक उन्हात वाळवतात. मग ब्लेड आणि कात्री घेऊन पडवीत बसतात. सदऱ्याची कॉलर वेगळी, काज-बटणांची पट्टी वेगळी. बटणं डब्यात, हुक डब्यात, नाडी गुंडाळून बाजूला. इलॅस्टिक काढून टाकायचं, कारण ते आत राहिलं तर वाकळ तिथं चुण्या धरते. जाड शिवणीही कापून काढायच्या. त्या पाठीला टोचतात आणि सुईला अडवतात.

उसवून सपाट झालेला प्रत्येक तुकडा मामी दोन्ही हातांनी उजेडाकडे धरतात. कापडातून पलीकडचं किती दिसतं ते बघतात. मग उभा-आडवा ताण देतात. घट्ट राहिलं तर ते वाकळीच्या वरच्या अंगाला. नुसतं विरळ झालं असेल तर आतल्या थराला. आणि ताण देताच टरकलं, तर "ह्यात जीव न्हाई राहिला," म्हणत ते फडक्यांच्या ढिगात जातं. हातात घेऊन पाहिल्याशिवाय एकही तुकडा कुठल्याच ढिगात पडत नाही. जुन्या कापडाचं मोल ठरवायची याहून चोख रीत मला माहीत नाही.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या थोडा वर जातो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की वाकळीची एक बाजू तयार, उरलेल्या दोनांची दुसरी. एका लुगड्यात दोन माणसांच्या पांघरुणाचं वरचं अंग आणि अस्तर दोन्ही निघतं. विकत आणायचा तो दोरा.

खालची बाजू फरशीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड सापडेल ते ठेवायचं. त्यावर आतले थर मांडायला घ्यायचे. या मांडणीत मामी कुणाचं ऐकत नाहीत. सांध्यावर सांधा येता कामा नये, नाहीतर तिथं उंचवटा होतो आणि तोच भाग आधी झिजतो. तुकडा कमी पडला तर दुसरा चार बोटं वर चढवून लावायचा. धोतराचं मऊ कापड अंगाकडच्या बाजूला, गणवेशाचं जाड कापड मधोमध. प्रत्येक थरानंतर तळहात मधून कडेकडे फिरवत सुरकुती बाहेर काढायची. मग दुसरी बाजू वर घालून, कडा आत दुमडून, लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं.

आता खरी शिवण. मामी वाकळीवरच बसतात. एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू होतो, कडेकडेनं जातो, कोपरा आला की वळतो. एक फेरी पुरी झाली की दोन बोटं आत सरकून दुसरी. फेऱ्या आत आत येत मध्यावर संपतात. दोरा दुपदरी, सुई लांब. तीन-चार टाके सुईवर गोळा झाले की एकदम ओढायचे. ओढ जास्त झाली तर वाकळ आकसते, कमी पडली तर टाका लोंबतो, रात्री पायाचं बोट त्यात अडकतं आणि दोरा तुटतो. कडेच्या फेऱ्यांना डावा हात वाकळीखाली असतो. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की सगळे थर ओलांडले हे कळतं आणि सुई तिथूनच वर वळते. आतल्या फेऱ्यांना हात खाली पोचत नाही. तिथं वरच्या हातालाच ते ओळखावं लागतं. दुपारी शेजारच्या दोघी येऊन दुसऱ्या कडेला बसतात. शिवून झाल्यावर कुठला टाका कुणाचा, हे मामी न चुकता सांगतात.

पण वाकळ ही लुगड्याची शेवटची पायरी नव्हे, पहिलीही नव्हे. लुगडं आधी बसायच्या भागात विरतं, काठ-पदर मात्र धडधाकट असतात. तेव्हा विरलेला पट्टा मधून कापून काढायचा आणि उरलेले दोन भाग एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं पुढं आणखी कितीतरी दिवस नेसलं जाई आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. दुसऱ्या महायुद्धात कापड रेशनवर आलं तेव्हा तर बऱ्या घरांतूनही दंड घातले गेले. त्यानंतर त्यातून मुलींचे परकर, तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट. बाळाला नवं कापड टोचतं, शंभरदा धुतलेलं टोचत नाही. मग वाकळीचा आतला थर, मग हातपुसणं, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, सारवायचं पोतेरं आणि सगळ्यात शेवटी तेलात बुडवलेला काकडा.

असं कापड आपल्याकडे हलकं कधीच मानलं गेलं नाही. जनाबाईच्या कथेत विठ्ठल तिच्या घरून पहाटे घाईनं निघतो, तेव्हा अंगावर तिची वाकळ घेऊन देवळात परततो. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र असे आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी. जुन्या कापडाचे थर धावदोऱ्यानं एकत्र बांधायची ही विद्या देशभरच्या बायकांनी आपापल्या हातांनी जपलेली आहे.

आता मात्र बोचक्यात पूर्वीसारखं कापड येत नाही. टेरिलीन आणि टेरिकॉट घराघरांत आलं, ते बायकांना आवडलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. विहिरीवरून पाणी ओढून घरादाराचे कपडे हातानं बडवणाऱ्या बाईला लवकर वाळणारं, इस्त्री न मागणारं, वर्षानुवर्षं न फाटणारं कापड म्हणजे केवढा दिलासा! पण हे कापड जुनं झालं की त्याचा दुसरा जन्म अवघड होतो. ते घाम शोषत नाही, म्हणून त्याचं दुपटं होत नाही. पाणी टिपत नाही, म्हणून चांगलं फडकं होत नाही. वाकळीत आतल्या थराला घातलं तर दोन टाक्यांच्या मध्ये सरकतं आणि एका बाजूला गोळा होतं. मामी सिंथेटिक साडी वरच्या अंगाला आनंदानं लावतात, कारण तिचा रंग जात नाही. आत मात्र सुतीच.

सुती कुठलं ते कळत नसेल तर शिवणीच्या आतून एक दोरा ओढून काढावा आणि जपून, चिमट्यात धरून पेटवावा. सुती दोरा कागदासारख्या वासानं जळतो आणि त्याची मऊ राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. दुकानात आगपेटी काढता येत नाही, तिथं आतलं लेबल वाचावं. कपड्यावरचा खर्च वाचवायचा म्हणजे स्वस्त घ्यायचं, असं मला वाटत नाही. दोन वर्षांनी त्याचं काय करता येईल हे घेतानाच बघितलं, तर पैसे खरे वाचतात. मुलांचे कपडे शिवून घेताना शिंप्याला आत भरपूर माया ठेवायला सांगावं. पुढच्या जूनला गणवेशाची घडी सोडली, बाजूची टीप उसवली की तोच गणवेश बसतो. कपड्याला भोक पडलं आणि रफू करायची वेळ आली, तर त्याच रंगाचा, त्याच पोताचा दोरा त्या मायेतूनच ओढून मिळतो.

मामी उजेडाकडे धरून जे बघतात, तेच पुण्यात माझ्या दारावर येणारी बोहारीण बघते. डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवून ती उंबऱ्याबाहेर बसते. साडी दिली की घडीवरून अंदाज करत नाही. पुरती उलगडते, मधल्या भागाला ताण देते. पँटची आधी बैठक बघते, मग गुडघे, मग चेन वरखाली करून पाहते. शर्टाची कॉलर उलटते, काखेतली शिवण चाचपते. "ताई, एवढ्यात डबा नाही बसत, तांब्या घ्या." मी दोन शर्ट वाढवते. त्यातला एक ती न बोलता परत माझ्याकडे सरकवते. तिचा हिशोब काटेकोर असतो, कारण तिचं घर त्यावर चालतं. मुंबईत हा धंदा मुख्यतः वाघरी समाजाच्या बायकांनी उभा केला आणि टिकवला. दारोदार जमवलेले कपडे त्यांच्या घरी पुन्हा निवडले जातात, धुतले जातात, बटण लागतं, टाका पडतो, इस्त्री होते आणि मग ते बाजारात जातात. दिल्लीत रघुबीर नगरला असा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. अगदीच गेलेल्या सुती कापडाच्या चिंध्या यंत्रं पुसायला गॅरेजांत आणि कारखान्यांत जातात. फाटके लोकरी कपडे पानिपतला रंगवारीनं निवडून, पिंजून, पुन्हा कातून त्यांची ब्लँकेटं होतात. आणि धड असलेली पँट कुणीतरी मजूर स्वतः निवडतो, अंगाला लावून बघतो, घासाघीस करून विकत घेतो. कुणाच्या उपकाराविना अंगावर आलेल्या त्या कपड्याचं मला फार मोल वाटतं.

प्रश्न आहे तो बोहारणीनं परत सरकवलेल्या शर्टाचा. आपण तो पिशवीत कोंबतो आणि दानात देतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडची कित्येक गावं बुडाली. पाणी ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या वर्गात आलेले जुने कपडे निवडायला मी बसले होते. ढीग फळ्यापर्यंत पोचला होता. चेन तुटलेल्या पँटी. कमीज नसलेल्या सलवारी. लग्नातले खडी लावलेले घागरे. एका पायाचा मोजा. वापरलेले, न धुतलेले आतले कपडे. एका पिशवीत ओलसर टॉवेल तसाच बांधून आला होता आणि त्याच्या बुरशीनं आसपासचे चांगले कपडेही वाया गेले होते. दाराशी गावातल्या बायका उभ्या होत्या. त्यांना हवं होतं ते साधं होतं: परकर, टॉवेल, चादरी, नवे आतले कपडे, म्हाताऱ्यांना लुगडी. "घागरा नेसून चिखल उपसू व्हय?" असं एका आजींनी विचारलं, तेव्हा वर्गात कुणालाच उत्तर देता आलं नाही. ज्यांच्या घरात अजून गुडघाभर गाळ होता, त्या गावातली तरणी पोरं आमच्यासोबत बसून परगावची चिंधी निवडत होती. कामाचे दिवस त्यात गेले. शेवटी बराचसा ढीग ट्रॅक्टरमध्ये भरून टाकून द्यावा लागला, आणि तेही काम गावाच्याच अंगावर पडलं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असेच कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेनं तेव्हा ते निवडायचं काम अंगावर घेतलं. त्यांच्या कामाचा कणा ही निवडच आहे. माप, वय, प्रदेश, हवामान बघून कपडे लावले जातात, तुटलेलं बटण लागतं, नाडी नसेल तर घातली जाते, वापरून झालेल्या सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅड होतात. गावानं स्वतःची विहीर, रस्ता किंवा बंधारा श्रमदानानं उभा करायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, ही त्यांची रीत मला सगळ्यात योग्य वाटते, कारण तिथं कुणी हात पसरत नाही. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दिवाळीची आवराआवर निघाली की कपाटं रिकामी होतात. यंदा पिशवी भरण्याआधी प्रत्येक कपडा उलगडून खिडकीशी धरा. ताण देऊन बघा. धुवा, वाळवा, तुटलेलं बटण लावा, सलवार-कमीज आणि ओढणी एकत्र बांधा, वर चिठ्ठीवर माप लिहा. बोहारीण ज्याला नाही म्हणेल ते देऊ नका. जे सिंथेटिक अजून धड आहे ते टाकू नका, वापरत राहा. आणि विरलेलं सुती कापड वेगळं बांधून गोधडी शिवणाऱ्या बाईकडे न्या. गावोगावी त्या आहेत, पुण्यातही आहेत. एका वाकळीत हजारो टाके असतात; त्या जी मजुरी सांगतील ती घासाघीस न करता द्या.