सहा गुंठ्यांची राखण

कुपवाड एमआयडीसीतल्या टपरीवर पाळी सुटल्यावर मित्र फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बॅटरी चार्ज करून ठेव तात्या, मी येतोय हरणं हाकायला." शर्टावर लेथच्या तेलाचे डाग, डोळे तांबारलेले. झोपतोस कधी, विचारलं तर म्हणाला, "चल की शिकारीला. बंदूक न्हाई, गोफण बी न्हाई." मारायचं नाही, दुखवायचं नाही, तरीही जनावर रानातून बाहेर काढायचं. ही असली शिकार बघायलाच हवी होती.

माधवनगर, पलूस, कुंडल करत मोटारसायकलवरून देवराष्ट्रे गाठलं तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. तात्या म्हणजे मित्राचे चुलते. त्यांचं रान सागरेश्वरच्या डोंगराखाली. गेल्या गेल्या त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणाले, "सहा गुंठं. एका रात्रीत सहा गुंठं हरभरा नेला."

सागरेश्वर अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, बोडक्या डोंगरावर झाडं लावली गेली, सांबरं, चितळं, काळविटं नांदू लागली. 1985 साली अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर. शाळेच्या सहलीत मीही तिथं हरणं बघून टाळ्या वाजवल्या आहेत. पण तेव्हा डोंगराच्या खालच्या अंगाला कोण राहतं, हे कुणी दाखवलं नव्हतं. मोहित्यांनी केलं ते मोठंच काम. त्याची राखण मात्र तात्यांच्या वाट्याला आली. पुढं ताकारी योजनेचं कृष्णेचं पाणी या भागात आलं आणि पूर्वी जिथं जिरायत होतं तिथं ऊस उभा राहिला. उन्हाळ्याकडं झुकताना वर डोंगर वाळतो, खाली सगळं हिरवंगार. खालच्या हिरव्याकडं जनावर येणारच.

रानाभोवती जुन्या साड्या बांधलेल्या. जांभळी, पोपटी, एक तर जरीकाठाची. काठ्यांना थायमेट या कीटकनाशकाच्या पुरचुंड्या लटकवलेल्या. तो वास सगळ्यात आधी भेटला, घशाला बसणारा, औषधी आणि कुजका. त्यातून चार पावलं पुढं गेलं की हरभऱ्याचा आंबूस वास. दव पडलेल्या हरभऱ्यातून चालताना पायांना आंब लागून पोटऱ्या चुरचुरायला लागल्या. हे दोन वास एकमेकांत मिसळत नव्हते. नंतर कितीदा तरी आठवले ते तसेच, वेगवेगळे.

खाल्लेल्या भागात तात्यांनी बॅटरी खाली धरली. "डुकरानं मुळासकट उकरलं असतं. हे बघ, नुसतं शेंडं ओढल्यात." हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते चारा कातरत नाही, हिसकतं. प्रत्येक डहाळीचं टोक फाटलेलं होतं. ओल्या मातीत दुहेरी खूर उमटलेले. मित्रानं शेजारी बोट ठेवून माप घेतलं आणि म्हणाला, चितळ, सांबर न्हवं. कारखान्यात जॉबचं माप घेताना तो असाच वाकत असणार.

पूर्वेला फटफटलं आणि उसाच्या कडेनं पाच-सहा पाठी हलल्या. तात्यांनी पत्र्याचा डबा वाजवला, मित्र "हुर्रर्र, हाय हाय" करत बांधावरून धावला. माना वर झाल्या. एकीनं पाय आपटला, बारीक, तीक्ष्ण ओरडली, आणि साडीवरून सहज उडी टाकून सगळी ओढ्यात उतरली. मला ती सुंदर वाटली. तसं बोलूनही गेलो. तात्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

"गोळी घातली असती तर?" मी विचारलं. "आत जायचं," मित्र म्हणाला. खरंच आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद. ते योग्यच. पण हाकायला मजुरी कोण देतं, हे मला सारखं टोचत राहिलं. रात्रभर बॅटरी, पहाटे डबा, सकाळी आठला परत पाळी. शहरात बसून आपण हरणं वाचवली म्हणतो, तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

भरपाई मिळते. तात्या म्हणाले, तीन दिवसांत अर्ज द्यायचा, मग पंचनामा. "सहा गुंठं लिहिणार त्यात. पण मी किती राती जागलो ती कुठल्या रकान्यात?"

चहा घेताना दोघांचं पुढच्या हंगामावर बोलणं चाललं. हळद लावावी, असं मित्राचं मत. जनावर तोंड लावत नाही आणि बाजार सांगलीतच. तात्यांना पटत नव्हतं. नऊ महिने रान अडकतं, बेण्याला पैसे लागतात, शिवाय शिजवणं, वाळवणं, पॉलिश. "मग हरभराच पेरा आणि जागा," मित्र चिडून म्हणाला. तात्यांनी कप विसळून पालथा घातला आणि बियाण्याचं पोतं कुठल्या दुकानातून आणायचं ते सांगायला लागले. पुढच्या हंगामातही हरभराच.