आषाढीच्या दिवशी क्योतोचा दोर

आषाढ शुद्ध एकादशी आणि जपानमधील क्योतो नगरीच्या गिओन उत्सवाची रथयात्रा हे दोन्ही २०२४ साली एकाच दिवशी, १७ जुलैला आले. आपली तिथी चंद्राच्या गतीने सरकते, त्यांची तारीख मात्र ठरलेली. त्यामुळे असा योग क्वचितच जुळतो. तो जुळला तेव्हा मी क्योतोतील एका विद्यापीठात गणित शिकवीत होतो, आणि माझे मन मुळीच प्रसन्न नव्हते.

आमच्या घराण्यात वारी आहे. अण्णांनी सदतीस वर्षे आळंदी ते पंढरपूर ही वाट पायी तुडविली. त्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा घरच्या वारीत खंड पडू नये म्हणून त्यांच्या जागी मी चालावे असे ठरले होते. पण तेथील सत्र जुलैअखेरीस संपते. परीक्षा तोंडावर आलेल्या. रजा मिळाली नाही. तसे कळविले तेव्हा अण्णा दूरध्वनीवर एवढेच म्हणाले, "बरं." रागावले असते तर सोसले असते.

अशातच, जुन्या पेठेत राहणाऱ्या माझ्या एका सहाध्यापकांनी विचारले, "आमच्या पेठेच्या रथाला ओढणारे हात हवे आहेत. येता का?" त्या रथाचे नाव त्सुकि-होको, म्हणजे चंद्राचा रथ. चंद्रभागेच्या काठी जायचे चुकले आणि चंद्राच्या रथाचे बोलावणे आले, असे मनात येऊन गेले. परंतु गळ्यात तुळशीची माळ असलेल्याने एकादशीच्या दिवशी परक्या देवाचा दोर धरावा काय, हा प्रश्न सुटेना.

देव तरी अगदीच परका होता काय? इ. स. ८६९ मध्ये देशात साथीचा रोग पसरला, तेव्हा जपानच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून रोगशांतीसाठी देवाची आळवणी झाली. तोच या उत्सवाचा उगम. 'होको' म्हणजे भालाच. आजही रथाच्या डोक्यावर उंच खांब असतो. ज्या देवाची आळवणी होई तो वृषभमुखी गोझु तेन्नो, आणि तो श्रावस्तीच्या जेतवनाचा रक्षक मानला जाई. 'गिओन' हे नावच त्या जेतवनाचे जपानी रूप. पुढे १८६८ मध्ये सरकारने बौद्ध आणि शिंतो उपासना वेगळ्या केल्या, मंदिर यासाका या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि देवाला सुसानोओ या नावाने पुजू लागले. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे रथ निघाले नाहीत. देवाला पांढऱ्या घोड्यावरून नेले. त्याच दोन वर्षी आपल्या संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, हे वाचकांना आठवत असेलच.

हे सारे मी अण्णांना सांगितले. त्यांना इतिहासात रस नव्हता. त्यांनी विचारले, "माळ काढायला सांगतात का?" नाही, म्हटले. "मग जा. दोर हातात घेतलास की ढिला सोडू नको."

एकादशीस पहाटे सहाला (आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच) भ्रमणध्वनीवर विठुरायाच्या महापूजेचे दर्शन घेतले आणि पेठेत गेलो. अंगात आखूड डगला, डोक्यावर टोप, पायांत गवती पादत्राणे असा पोशाख मिळाला; माळ आत राहिली. रथ सुमारे १२ टनांचा, चाके पुरुषाहून उंच, आणि सांगाडा खिळ्यांवाचून, केवळ गवती दोरांनी आवळून बांधलेला. अंगावर जुने गालिचे, त्यांत मोगल काळातील एक हिंदुस्थानचा! समुद्र ओलांडून आलेले आम्ही दोघे होतो म्हणायचे.

पंख्यांच्या इशाऱ्यासरशी आरोळी उठली, चाळीस-पन्नास जणांनी दोर ताणले आणि चाके करकरली. सरळ रस्त्यावर फारसे अवघड नाही. खरी कसोटी चौकात. या रथांची चाके वळत नाहीत. मग पुढच्या चाकांखाली बांबूच्या कामट्या अंथरतात, त्यांवर पाणी ओततात, आणि ओढणारे सारे वळायच्या बाजूला जाऊन एका दमात खेचतात. रथ कामट्यांवरून घसरत थोडा फिरतो. पुन्हा कामट्या, पुन्हा पाणी. पहिल्या चौकात तिसऱ्या खेपेस माझा पाय निसटला. गुडघा आपटला, पण दोर हातात होता. शेजारच्याने बखोटीला धरून उठविले आणि तेवढ्यात आरोळी झालीही.

यात्रा संपल्यावर प्रत्येकास जेवणाचा डबा मिळाला. मी तो तसाच ठेवून खिशातले खजूर काढले. पेठेतील एका वृद्ध गृहस्थांनी कारण विचारले. मोडक्या जपानीत उपवास सांगितला. ते उठून गेले आणि बांबूच्या पानांची एक जुडी घेऊन आले. तिला चिमाकि म्हणतात. ती खायची नसते, दारावर लावायची असते. ही देवाची कथा, ते म्हणाले. प्रवासात तो एका श्रीमंताच्या दारी रात्रीपुरता आसरा मागत गेला. त्याने घालवून दिले. सोमिन शोराइ नावाच्या गरिबाने मात्र घरात घेतले आणि होते ते राळ्याचे अन्न वाढले. देवाने त्याच्या वंशाला रोगराईपासून अभय दिले. म्हणून प्रत्येक घर दारावर लिहिते, 'आम्ही सोमिनचे वंशज.' विदुराघरच्या कण्या मला आठवल्या, आणि घरी त्याच वेळी आईने शिजवीत ठेवलेली वरईही.

सायंकाळी देवाच्या तीन पालख्या खांद्यांवरून निघाल्या: एक देवाची, एक राणीची, एक त्यांच्या आठ मुलांची. सकाळचे रथ म्हणजे या पालख्यांसाठी वाट शुद्ध करणारे; खरी यात्रा ही. पर्यटक बरेच पांगले होते. मी रस्त्याच्या कडेला, सुजलेल्या गुडघ्याने, हात जोडून उभा राहिलो.

मार्चअखेर करार संपवून परतलो. २०२५ ची वारी चाललो. अण्णांनी दारातून निरोप दिला. ती पानांची जुडी आईने चौकटीला, आंब्याच्या तोरणाशेजारी बांधली आहे. रिवाजाप्रमाणे वर्षाने ती मंदिराला परत करायची असते. पाने केव्हाच पिवळी पडली. दसऱ्याला आईने तोरण बदलले तेव्हा मी तिच्याकडे हात नेला, तर अण्णा आतून म्हणाले, "राहू दे ती."