काहिलीवरचा निर्णय : कोल्हापूरच्या गुळाविषयी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून येणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेने पाचवी मानलेली गुप्त सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते, आणि तिच्या काठच्या गाळाच्या जमिनीत कोल्हापूरचा ऊस वाढतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तर भोगावतीवरील राधानगरी धरण त्यांच्याच कारकिर्दीत हाती घेतले गेले व स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले; या शहराच्या अर्थकारणाचा पाया पाणी आणि पेठ यांच्या या जोडीत आहे.

गुऱ्हाळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. चरकात, म्हणजे ऊस पिळणाऱ्या यंत्रात, निघालेला रस काहिलीत, म्हणजे पसरट मोठ्या कढईत, घेऊन आटवतात आणि खालचे चुलवाण त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडावर पेटते ठेवतात. रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडला जातो. त्यात अडकून वर येणारी काळपट मळी झाऱ्याने पुन्हापुन्हा काढावी लागते, कारण इथे राहिलेला मळ पुढे गुळाच्या रंगात उतरतो.

खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांची असते. पाक घट्ट होऊन बुडबुडे जड होऊ लागले, की गुळव्या, म्हणजे गूळ पाडणारा कारागीर, थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतो आणि तिच्या कडकपणावरून काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो. घाई झाली तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, उशीर झाला तर करपून काळवंडतो. उतरवलेला पाक वाफ्यात, म्हणजे निवण्यासाठी केलेल्या उथळ हौदात, घोटून साच्यांत भरला की त्याच्या ढेपा तयार होतात. त्यांनाच बाजारात रवे म्हणतात.

सौद्यात व्यापारी रव्याचा तुकडा काढून रंग, कणी आणि चव पाहतो. गुजरातसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून पिवळ्या, फिकट गुळाला मागणी असल्याने रंग उजळवणारी रसायने काहिलीत आली, काही ठिकाणी साखरही मिसळली गेली, आणि मळी काढण्यात कष्ट घेणाऱ्याचा गडद, शुद्ध गूळ भावात मागे पडला, हा उघड अन्याय आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु केवळ मानांकनाने गुऱ्हाळाची अडचण सुटत नाही : साखर कारखान्याला ऊस घातला की शेतकऱ्याची मजुरांच्या शोधातून सुटका होते, तर गुऱ्हाळ चालवणाऱ्याला दर हंगामात आधी जाणता गुळव्या मिळवावा लागतो.