खोळंब्याचा पंचनामा

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर चढले, कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ दूध संघाचे टँकर निघेनात आणि तिकडे मुंबईत दूध मिळेना. त्यासाठी मुंबईच्या दूधवाल्याला धारेवर धरण्यात अर्थ नव्हता, हे कोल्हापुरात कुणालाही पटेल. लिनक्स सर्व्हरवर एखादी प्रक्रिया अडकली, की मात्र आपला पहिला संशय तिच्यावरच जातो आणि पहिला उपाय सुचतो तो तिला मारण्याचा. माझ्या मते अशी प्रक्रिया आधी साक्षीदार मानावी आणि तिचा जबाब घ्यावा.

तसेही तिला मारणे सोपे नाही. ‘पीएस’च्या यादीत जिच्यापुढे ‘डी’ दिसतो, ती डिस्कच्या किंवा एखाद्या लॉकच्या प्रतीक्षेत अशी गाढ झोपलेली असते, की ‘किल’चा नऊ नंबरचा हुकूमही ती उठेपर्यंत लागू होत नाही. (2008 च्या 2.6.25 आवृत्तीत मारता येण्याजोगी झोप आली खरी, पण कर्नलमध्ये सगळीकडे ती वापरलेली नाही.) लिनक्स या झोपलेल्यांनाही लोड अ‍ॅव्हरेजमध्ये मोजतो, म्हणून लोड चाळीस आणि सीपीयू रिकामा, असे चक्रावणारे आकडे दिसतात. ते पाहून नवा सीपीयू मागवणाऱ्याला वेळीच आवरावे. प्रक्रिया कोणत्या फंक्शनमधून कुठे जाऊन थांबली, हे ‘प्रोक’मधली तिची ‘स्टॅक’ फाइल सांगते. एकीचा जबाब पुरत नाही. सिसआरक्यूची ‘डब्ल्यू’ आज्ञा दिली, की अडकलेल्या सगळ्यांचे स्टॅक लॉगमध्ये उतरतात. पन्नास प्रक्रिया एकाच म्युटेक्सपाशी, म्हणजे एका लॉकपाशी, ताटकळलेल्या असतील आणि एकटीच डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर म्युटेक्स तिच्याकडे आहे का ते आधी बघावे. तो तिच्याकडेच निघाला, तर मग डिस्कची चौकशी. कर्नल लिहिणाऱ्यांनाही ही गरज पटलेली दिसते: 2025 च्या 6.15 आवृत्तीपासून अडकलेलीबरोबरच म्युटेक्स धरून बसलेलीचाही स्टॅक छापण्याची सोय झाली.

यावर कुणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला, रीबूट करा. सेवा बंद असताना ही घाई समजण्यासारखी आहे, पण रीबूटने मेमरीतला पुरावा पुसला जातो आणि तोच खोळंबा पुन्हा उभा राहू शकतो. केडंप आधीच बसवलेले असेल, तर कर्नल मुद्दाम क्रॅश केल्यावर मेमरीची प्रत घेऊन मशीन स्वतःच रीबूट होते; दोन्ही साधते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 120 सेकंदांनी येणारा ‘हंग टास्क’चा इशारा मंद डिस्कवर खोटाही ठरतो. मान्य. तो फक्त थांबल्याचा वेळ मोजतो, कारण ओळखत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा स्टॅक घ्यावा; दर वेळी तीच जागा दिसली, तर संशय पक्का होतो, जागा बदलत असेल तर काम रखडत का होईना चालू आहे. आणि लॉग सुरुवातीपासून वाचावा, कारण मूळ सेटिंगप्रमाणे असे दहा इशारे देऊन झाले, की कर्नल गप्प बसतो.