ई-मेलचा पत्ता वाटेंत कोठें बदलतो?

समजा, साकोलीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें शाळेच्या संगणकावरून नागपूरच्या महाविद्यालयास शिष्यवृत्तीचा अर्ज ई-मेलनें धाडला. अर्ज पोहोंचला, परंतु महाविद्यालयानें पाठविलेलें उत्तर पत्ता न सांपडल्यामुळें माघारें गेलें. इकडे मुलगा वाट पाहतो आणि मुदत टळून जाते. दोष कोणाचा? “तूंच पत्ता चुकीचा लिहिला असशील,” असें घरचे म्हणतात. पण त्यानें तो बिनचूक लिहिलेला असून मधल्या यंत्रानें बदलला, असेंही होऊं शकतें.

एकाच नांवाचीं अनेक गांवें असल्यानें टपालाचा घोटाळा होई. तो टाळण्यासाठीं श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ४४१८०२ म्हटलें कीं साकोली. ई-मेलमध्यें हें काम ‘ॲट’ चिन्हापुढील नांव करितें. १९७१ सालीं अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन यांनीं हें चिन्ह योजिलें. त्याच्या आधीं माणसाचें नांव, नंतर यंत्राचें.

आतां शाळेंतील प्रत्येक संगणकास एक घरगुती नांव असतें. तें बाहेरच्या जगास ठाऊक नसतें. म्हणून पत्रें नेणाऱ्या यंत्रास, म्हणजे मेल सर्व्हरला, नियम घालून दिलेला असतो कीं, घरगुती नांव काढून तेथें शाळेचें जाहीर नांव लिहावें. एरिक ऑलमन यांची ‘सेंडमेल’ ही आज्ञावली अशा फेरलेखनासाठीं प्रसिद्ध आहे.

हा नियम दोन रीतींनीं बिघडतो. तो अपुरा असला, तर घरगुती नांव तसेंच राहतें आणि उत्तर माघारें जातें. तो फार सैल असला, तर नागपूरहून आलेल्या पत्रावरही आपल्याच शाळेचें नांव चढतें. मग त्यास दिलेलें उत्तर नागपुरास न जातां शाळेंतच फिरत राहतें.

दोष शोधण्याचा क्रम असा. प्रथम आलेल्या पत्राचें संपूर्ण शीर्षक उघडावें. वाटेंतील प्रत्येक सर्व्हर, डाकघराच्या शिक्क्याप्रमाणें, ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाची एक ओळ सर्वांत वर जोडतो. म्हणून प्रवास समजण्यास त्या खालून वर वाचाव्या. याप्रमाणें मार्ग कळला कीं एक पत्र आंतून बाहेर व एक बाहेरून आंत पाठवून, प्रेषकाचा पत्ता निघतांना काय होता व पोहोंचतांना काय झाला, हें ताडून पाहावें. पाकिटावरचा पत्ता आणि आंतील पत्रावरचा पत्ता वेगळे असूं शकतात, हें विसरूं नये: न पोहोंचल्याची सूचना पहिल्याकडे जाते, उत्तर दुसऱ्याकडे. शेवटीं सर्व्हरच्या नोंदवहींत तीच वेळ काढून कोणता नियम लागला तें पाहावें, आणि तेवढाच नियम दुरुस्त करावा.

आणखी एक सावधगिरी. हल्लीं पत्रावर ‘डीकिम’ नांवाची मोहोर असते. ती उमटल्यावर प्रेषकाचा पत्ता बदलला, तर मोहोर खोटी ठरते व पत्र संशयास्पद मानलें जाऊं शकतें. यास्तव फेरलेखन आधीं, मोहोर नंतर.

पालकांस विनंति इतकीच कीं, उत्तर आलें नाहीं म्हणून मुलास बोल लावण्यापूर्वीं पत्राचे शिक्के तपासून घ्यावे, आणि मुदत जवळ असल्यास महाविद्यालयास फोन करून अवश्य विचारावें.