झिका रोग व प्रजनन

झिका रोग व प्रजनन : झिका व्हायरसामुळे होणारा हा रोग मुख्यतः ईडिस ईजिप्ती जातीच्या डासाच्या दंशाने पसरतो. तथापि हा व्हायरस लैंगिक संबंधातून एका व्यक्तीकडून दुसरीकडे व मातेकडून गर्भाकडेही जाऊ शकतो. त्यामुळे प्रजनन वैद्यकात या रोगाचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो.

इतिहास : युगांडातील झिका अरण्यात १९४७ साली एका ऱ्हीसस माकडाच्या रक्तात हा व्हायरस प्रथम आढळला. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर (ता. पुरंदर) येथे आढळला. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत (स्थापना १९५२) त्याचे निदान झाले. त्या वेळी गावात डासनिर्मूलनाबरोबर निरोधांचेही वाटप करण्यात आले. जून २०२४ मध्ये पुणे शहरात एरंडवणे भागात रुग्ण आढळले व नंतर इतर भागांतही रोग पसरला. बाधितांत गर्भवती स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. ३ जुलै २०२४ रोजी केंद्र शासनाने बाधित गर्भवतींच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची सूचना राज्यांना दिली.

लैंगिक संक्रमण : २००८ मध्ये सेनेगलहून अमेरिकेत परतलेल्या एका शास्त्रज्ञाकडून त्याच्या पत्नीला हा रोग झाला. ती परदेशी गेली नव्हती. लैंगिक संक्रमणाचा हा पहिला पुरावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातून व्हायरस नाहीसा झाल्यावरही त्याचे रिबोन्यूक्लिइक अम्ल वीर्यात कित्येक महिने आढळू शकते. मात्र संक्रामणक्षम व्हायरस सामान्यतः काही आठवडेच टिकतो. बहुसंख्य बाधितांत लक्षणे दिसत नाहीत. इतरांत सौम्य ज्वर, पुरळ, सांधेदुखी व डोळे लाल होणे ही लक्षणे आढळतात. म्हणून पती आजारी पडला नव्हता एवढ्यावरून पत्नीला धोका नाही, असे अनुमान काढता येत नाही.

गर्भावरील परिणाम : व्हायरस वारेतून गर्भात शिरून वाढत्या मेंदूच्या कोशिकांचा नाश करतो. त्यामुळे लघुशीर्षता, दृष्टिदोष, श्रवणदोष व सांध्यांचा ताठरपणा उद्‌भवू शकतो. बाधित मातांच्या सु. ५ ते १५ टक्के अपत्यांत असे विकार आढळतात. बाधित गर्भवतीचे मूल सदोषच जन्मेल असे नाही. परंतु श्राव्यातीत ध्वनी चित्रणाने गर्भाची वारंवार तपासणी करणे इष्ट असते.

प्रतिबंध : या रोगावर विशिष्ट औषध वा मान्यताप्राप्त लस उपलब्ध नाही. संसर्गानंतर पुरुषाने तीन महिने व स्त्रीने दोन महिने निरोध वापरावा किंवा समागम टाळावा. गर्भधारणाही तोवर लांबणीवर टाकावी. पत्नी गर्भवती असल्यास हे बंधन प्रसूतीपर्यंत पाळावे लागते.

कृत्रिम वीर्यसेचन व शरीरबाह्य फलन यांत हा धोका निराळ्या रूपात राहतो. वीर्य गोठविल्याने व्हायरस मरत नाही, उलट तो टिकतो. धुतलेल्या शुक्रकोशिकांतूनही तो पूर्णपणे निघून जाईलच असे नाही. यास्तव रोगाच्या प्रादुर्भावाच्या काळात दांपत्यातील दोघांच्याही आजाराची व प्रवासाची माहिती घेणे, गरजेनुसार तपासणी करणे व उपचार पुढे ढकलणे हाच सुरक्षित मार्ग होय.

ईडिस डास घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व मुख्यतः दिवसा चावतो. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करणे व गर्भवतीने दिवसाही मच्छरदाणी वापरणे हे उपाय उपयुक्त ठरतात.