खिंडीपलीकडे काय आहे?

सायकलसाठी कमी रहदारीचा रस्ता कोणता, असं मला पुण्यात नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याला एखाद्या रस्त्याचं नाव हवं असतं. मी नाव सांगतो, पण त्याआधी एक उलट प्रश्न करतो. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला काय आहे? रस्ता मोकळा मिळणं हे त्याच्या रुंदीवर किंवा डांबरावर फारसं अवलंबून नसतं. तो कुठे पोहोचवतो आणि तिथे किती जणांना जायचं आहे, यावर ते ठरतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की नकाशा घेऊन कोणालाही आपला रस्ता आपण शोधता येतो.

पुण्याचा भूगोल हे समजून घ्यायला फार सोयीचा आहे. शहराच्या दक्षिणेला सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेली एक लांब डोंगररांग आहे. सिंहगड, कात्रज, दिवे घाट असं करत ती थेट भुलेश्वरापर्यंत जाते. शनिवारवाड्यापासून निघून दक्षिणेला जायचं म्हटलं, की ही रांग कुठेतरी ओलांडावीच लागते. ओलांडण्याच्या मुख्य वाटा पाच. पूर्वेकडून मोजत आलो तर दिवे घाट, बोपदेव घाट, कात्रज, सिंहगडाच्या कुशीतून जाणारी कोंढणपूरची वाट आणि सर्वांत पश्चिमेला पाबे खिंड. डोंगर एकच, चढही थोड्याफार फरकाने सारखेच दमवणारे. रहदारी मात्र पाच तऱ्हेची.

का, ते पाहू. दिवे घाटापलीकडे सासवड, जेजुरी आणि पुढे पंढरपूर आहे. ज्ञानोबांची पालखी याच घाटाने चढते. असा रस्ता रिकामा राहणं शक्यच नाही. बोपदेव घाटही सासवडलाच जातो. कोंढव्याच्या बाजूने शहर थेट घाटाच्या पायथ्याला जाऊन भिडलं आणि रोज कामाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांनी हा घाट भरून गेला. कात्रजपलीकडे सातारा, कोल्हापूर आणि बंगळुरू. तिथली अवजड वाहनं आता नव्या बोगद्याने जातात, तरी जुन्या घाटात शहराची वर्दळ उरतेच.

कोंढणपूरच्या वाटेवर आपला नियम अगदी उघडपणे दिसतो. खडकवासल्यावरून डोणज्याला जाऊन सिंहगडाचा घाट चढू लागावं. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्या मोटारींची रांग असते. घाटात एके ठिकाणी फाटा फुटतो. एक रस्ता गडावर जातो, दुसरा डोंगरापलीकडे कोंढणपूर आणि शिवापूरकडे उतरतो. फाट्यावर वळलात, की आवाज एकदम मागे पडतो. त्याच डोंगरावरचा, त्याच चढणीचा तो रस्ता. पण पुढे शिवगंगेच्या खोऱ्यातली चार गावं आहेत आणि त्या गावांना जेवढी गरज तेवढीच वाहनं.

आणि पाबे खिंड! पानशेतच्या रस्त्याने, खडकवासल्याचं पाणी उजव्या हाताला ठेवून खानापूरला यायचं आणि तिथून डावीकडे रांजण्याकडे वळायचं. पुढे घाट चढून खिंडीत आलं, की समोर तोरणा आणि राजगड दोन्ही उभे असतात. खाली पाबे गाव, पुढे वेल्हे. पुण्याहून वेल्ह्याला मोटारीने जाणारे बहुतेक जण सातारा रस्त्याने नसरापूरवरून जातात, कारण तो रस्ता सोपा. खिंड उरते ती दूधवाल्यांना, शाळकरी मुलांना, एसटीला आणि आपल्याला.

आता थोडं मागे जाऊन पाहिलं तर या वाटा डांबराच्या कितीतरी आधीच्या आहेत. आपण बारा मावळ म्हणतो. त्यातलं एकेक मावळ म्हणजे साधारण एकेका नदीचं खोरं. पवनेचं पवन मावळ, गुंजवणीचं गुंजण मावळ, मोशीचं मोसे खोरं. या खोऱ्यांमध्ये डोंगरांच्या भिंती आणि भिंतींवर किल्ले. एका खोऱ्यातली लेक दुसऱ्या खोऱ्यात दिली, तर माहेरी यायची वाट खिंडीतून. पुढे पक्के रस्ते आले, ते नदीच्या काठाने शहराकडे. माल, बाजार, नोकरी सगळं पुण्याकडे वाहू लागलं. खोऱ्यातून पुण्याला जाणारा रस्ता मोठा झाला आणि खोऱ्यातून खोऱ्यात जाणारी आडवी वाट मागे राहिली. 25 डिसेंबर 2000 रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, त्यानंतर देशभर अशा गावजोड रस्त्यांना डांबर लागण्याचा वेग वाढला. सायकलवाल्याला याहून चांगलं काय हवं? डांबर आहे आणि गर्दी नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की नदीबरोबर जाणारा रस्ता टाळा, नदीला आडवा जाणारा शोधा. शहराच्या पश्चिमेलाही हे तंतोतंत लागू पडतं. मुळशीकडे जाणारा रस्ता पौडपर्यंत गाड्यांनी भरलेला असतो, कारण पुढे धरण आहे, ताम्हिणी आहे, कोकण आहे. पण पौडहून कोळवणकडे वळा. भातखाचरांमधून रस्ता जवणला जातो आणि तिकोना किल्ल्याजवळून पवनेच्या खोऱ्यात उतरतो. पुढे पवना धरणाचं पाणी. सुट्टीत धरणाकाठी तंबू ठोकणाऱ्यांची गर्दी असते, एरवी शांतता.

इथे रहदारीच्या पंचांगाचा विषय येतो. मोकळा रस्ता हा जागेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. पावसाळ्यातला रविवार म्हणजे सिंहगड, पानशेत आणि ताम्हिणीकडे सगळं शहर लोटतं. शिवाय घाटात दरडीची भीती. नारायणपूरला दत्ताचं देऊळ आहे. तिकडे गुरुवारी आणि पौर्णिमेला जाऊ नये. हिवाळ्यात गाळप सुरू झालं, की पूर्वेच्या सपाट रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या येतात. त्यांना अनेकदा मागचा दिवा नसतो आणि बाहेर आलेली मोळी अंधारात दिसत नाही. रविवारी निघायचंच असेल, तर उजाडता उजाडता शहर सोडावं. पुढचा-मागचा दिवा लावावा आणि नऊच्या आत गर्दीचा टप्पा मागे टाकावा. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, वळणाआधीच वेग कमी करावा. पावसाळ्यानंतर वळणावर खडी साचलेली असते.

एवढी उठाठेव कशासाठी, असं कोणी म्हणेल. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. आज शहरातल्या आईबापांना मुलाला रस्त्यावर सायकल घेऊन पाठवायचा धीर होत नाही. त्यांची भीती खोटी नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी 30 किलोमीटरने येणारी मोटार आणि 60 ने येणारी मोटार यांत सायकलस्वाराच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचा फरक आहे. अरुंद, वळणाचा रस्ता गाडीवाल्याला आपोआप सावकाश चालवायला लावतो. खिंडीतला रस्ता सुरक्षित वाटतो, त्याला गाड्या कमी असणं हे एक कारण आहे आणि त्या हळू असणं हे दुसरं. त्यामुळे अशा रस्त्याचं रुंदीकरण झालं, म्हणजे तो सुधारलाच, असं मी चटकन म्हणत नाही.

आणि आता एक मोठा बदल होऊ घातला आहे. पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. त्याचा पश्चिमेकडचा भाग मावळातल्या उर्शापासून मुळशी आणि हवेली ओलांडत सातारा रस्त्यावरच्या वरव्याकडे जातो. म्हणजे जी खोरी आपण खिंडीखिंडीने आडवी ओलांडत होतो, तीच हा रस्ता आडवी ओलांडणार. बाहेरगावचे ट्रक शहरात शिरायचे थांबतील, हा फायदा खरा आहे आणि तो पुणेकरांना हवाच आहे. पण ज्या रस्त्यांच्या टोकाला आजवर चार गावं होती, त्यांच्या टोकाला आता मोठ्या रस्त्याची चढण्या-उतरण्याची जागा येईल. जमिनींचे भाव वाढतील, इमारती येतील. मग आपल्या प्रश्नाचं उत्तरच बदलेल.

हा रस्ता थांबवा, असं माझं म्हणणं नाही. मागणी छोटी आहे. असे वेगवान रस्ते दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतात. हवं तिथून ओलांडता येत नाहीत. तेव्हा जिथे जिथे जुनी गावजोड वाट या रस्त्याला छेदते, तिथे तिथे खालून बैलगाडी, सायकल आणि पायी माणूस जाईल अशी सरळ वाट ठेवली पाहिजे. ती नसेल, तर शेजारच्या गावातल्या शाळेला जाणाऱ्या मुलीला चार-पाच किलोमीटरचा वळसा पडेल आणि ती एक दिवस सायकल घरीच ठेवील. आपण शहरातली माणसं रविवारचा रस्ता बदलू शकतो. तिला दुसरा रस्ता नाही. ग्रामसभेत, जनसुनावणीत हा मुद्दा गावकऱ्यांनी मांडावा, आणि त्या वाटांवरून फुकट आनंद घेणाऱ्या आपण सायकलवाल्यांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं.